कोल्हा आणि रसिक

मराठी माणसाला चव कळत नाही, असं कोणी म्हणत असेल तर ते साफ खोटं आहे. चव कळते, चांगली असली तर बोलून दाखवायची पद्धत नाही, इतकंच. घरच्या बाईने सकाळपासून खपून पुरणपोळ्या केल्या, तर पुरुषमाणूस पाचवी पोळी ताटात घेताना "हं, बरी झालीय" असं म्हणतो आणि तुपाच्या भांड्याकडे बघतो. ही शंभरपैकी अठ्ठ्याण्णव मार्कांची पावती असते. उरलेले दोन मार्क त्याच्या आईसाठी राखून ठेवलेले असतात. पण हाच माणूस नावं ठेवायला बसला की भाषेला महापूर येतो. आमटी पाणचट, भाजी मिळमिळीत, भात गिच्च, चहा फुळकवणी, ताक आंबटढाण, शेंगदाणे खवट, दूध करपट, डबा कुबट. स्तुतीला दीड शब्द आणि निंदेला दीडशे! ही भाषा घडवताना आपल्या पूर्वजांनी काय काय खाल्लं असेल, याची कल्पना करवत नाही.

अशा या भाषेच्या मुलखात हल्ली एक नवाच वाङ्मयप्रकार अवतरला आहे. त्याला 'टेस्टिंग नोट' म्हणतात. वाइन चाखायची आणि ती कशी लागली याचं टिपण लिहायचं. कथा, कविता, कादंबरी यांच्यावर आपल्याकडे समीक्षेचे ढीग पडले आहेत. या टिपणांकडे मात्र कोणी समीक्षकाने वळून पाहिलेलं नाही. ते काम माझ्याकडे आलं, याचं कारण माझी विद्वत्ता नसून माझे मेव्हणे आहेत.

मेव्हणे बँकेतून निवृत्त झाले. बँकेतला माणूस निवृत्त झाला की कर्जमंजुरीचा शिक्का हातातून जातो, पण मंजुरी देण्याची सवय जात नाही. मेव्हण्यांनी ती वाइनकडे वळवली. दोन दिवसांचा एक अभ्यासवर्ग केला आणि आठदहा समव्यसनी, चुकलो, समानधर्मी जमवले. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मंडळी कोणा एकाच्या घरी बसतात. पेला पांढऱ्या कागदापुढे धरून रंग बघायचा, गोल गोल फिरवायचा, नाक आत घालून डोळे मिटायचे, मग घोट घेऊन तो तोंडात खुळखुळवायचा. हा आवाज आमच्या घरी फक्त मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांना मंजूर आहे. आणि एवढं झाल्यावर थुंकायचं! पेशवाई बुडाल्यानंतर पुण्यात पिकदाणीला पुन्हा प्रतिष्ठा मिळाली ती या मंडळींमुळे. शेवटी प्रत्येकाने आपलं टिपण वाचून दाखवायचं आणि कुठली छोटी वाइनरी जाऊन पाहण्यासारखी आहे ते सांगायचं. "नाशिकला काय हो, सगळेच जातात. तुम्ही नारायणगावच्या बाजूला जा!" हे वाक्य, एखाद्या गवयाने 'मैफलीत काय, मला पहाटे रियाजाला ऐका' म्हणावं, तशा थाटात म्हटलं जातं.

या टिपणांच्या वहीने मेव्हण्यांच्या घरात एकदा मोठाच प्रसंग आणला. वही उघडी राहिली होती आणि त्यांच्या पत्नीने वाचलं : 'भरदार बांधा. पाय सुरेख. थोडी प्रौढ आहे, पण अजून पाच वर्षं सहज टिकेल.' त्यांनी शांतपणे विचारलं, "ही कोण?" बांधा म्हणजे वाइनचा जिभेवर जाणवणारा दाटपणा आणि पाय म्हणजे पेल्याच्या काचेवरून खाली ओघळणाऱ्या धारा, हे समजावून सांगण्यात मेव्हण्यांची संध्याकाळ गेली. पटलं की नाही, ते अजून ठरायचं आहे.

आता समीक्षेकडे वळू. या वाङ्मयातला पहिला दोष उसन्या फळांचा. टिपणात ब्लॅककरंट हमखास असतं. हे फळ मी आजवर फक्त आइस्क्रीमच्या दुकानात पाहिलंय, तेही गोळ्याच्या रूपात. गूसबेरी असते, शब्दकोशात तिच्यापुढे 'आवळा' लिहिलेलं असतं, पण प्रत्यक्षात ते फळ आपल्या आवळ्याच्या नात्यातलंही नाही. त्याशिवाय पीच, रास्पबेरी, ओक, चामडं, तंबाखू, ओला दगड आणि पेन्सिलीचा भुगा. यातला पेन्सिलीचा भुगा तेवढा आमच्या पिढीला अनुभवाने ठाऊक. आम्ही पेन्सिली खाल्लेल्या आहेत. मेव्हण्यांना विचारलं, "ब्लॅककरंट तुम्ही खाल्लंयत कधी?" ते म्हणाले, "खाण्याचा प्रश्न नाही, ते वाइनमध्ये लागतं." म्हणजे जे कधी पाहिलं नाही ते लगेच ओळखलं! आपल्याकडे हा अधिकार आजवर फक्त साक्षात्कारी पुरुषांना होता.

तुम्ही म्हणाल, हे शास्त्र आहे, त्याची टिंगल कशाला? तर शास्त्राचंच सांगतो. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिस इथल्या ॲन नोबल या बाईंनी १९८४च्या सुमारास वाइनच्या वासांचं एक चक्र तयार केलं. वाइनबद्दल लोक 'उमदी', 'राजस', 'लाजरी' असं मोघम लिहीत, त्याला कंटाळून त्यांनी नियम केला, की नाव द्यायचं तर जे हुंगून पाहता येतं त्याचंच द्या. दालचिनी म्हणायचं तर दालचिनी आणा, लिंबू म्हणायचं तर लिंबू कापा. बाई आपल्या फळीवरच्या बरण्या उघडून शिकवत होत्या. आपल्या रसिकांनी चक्र घेतलं, पण त्यासोबत बरण्याही कॅलिफोर्नियाच्याच घेतल्या. आपल्या फडताळातलं धने, जिरं, चिंच, कोकम, सुंठ, काकवी यांना चक्रात नोकरी मिळाली नाही.

आणि नाक किती विश्वासू असतं त्याचीही एक गोष्ट आहे. फ्रान्समध्ये बोर्दो इथे वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ जणांना एक पांढरी वाइन दिली. तीच वाइन, वास नसलेला लाल रंग घालून, 'तांबडी' म्हणूनही दिली. लाल रंग दिसताच टिपणांत तांबड्या वाइनचे शब्द आले. हा प्रयोग २००१ साली छापून आला. शिकलेलं नाक डोळ्यांचं ऐकतं, ते असं. आपल्या तालुक्यातल्या खोडदला आकाशातला क्षीण आवाज टिपायला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या लागतात. मेव्हण्यांना एक नाक पुरतं.

'आपल्या तालुक्यातल्या' असं मी म्हटलं, कारण माझं आजोळ जुन्नरचं. मराठी वाइनचा इतिहास सांगायचा तर जुन्नरला टाळून सांगता येत नाही. दोन हजार वर्षांपूर्वी कोकणातल्या बंदरांतून वर येणारा माल नाणेघाट चढून जुन्नरला उतरायचा. घाटाच्या तोंडाशी अजून एक दगडी रांजण आहे. तो जकातीचा म्हणून दाखवतात. म्हणजे एक्साइज खातं आधीपासून हजर होतं. त्याच सुमाराला, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एका अनामिक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाची समुद्रप्रवासाची वही लिहिली. भडोच बंदरात काय खपतं हे सांगताना त्याने वाइनचं नाव घेतलंय आणि बजावलंय, की पसंती इटलीच्या वाइनला. लाओदिकियाची आणि अरबी वाइनही चालते. झालं टिपण! बांधा नाही, पाय नाहीत, ओला दगड नाही. कारण लिहिणाऱ्याचे पैसे जहाजात होते. इटलीची सोडून भलतीच भरली असती तर परत नेताना वाटेत त्यालाच प्यावी लागली असती.

खुद्द जुन्नरच्या लेण्यांतही यवनांचे शिलालेख आहेत. वाइनच्या देशांकडून आलेल्या या मंडळींनी इथे काय दिलं असेल? इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी खोदून दिली, चिट नावाच्याने भोजनमंडप बांधून दिला. भिक्षूंना काय हवंय ते ओळखून त्यांनी पाणी आणि जेवण दिलं. समोरचा माणूस पाहून शिफारस करावी, हे या यवनांना कळत होतं. पथ्यावरच्या माणसाला "अहो, एक घोट घ्याच" म्हणणाऱ्या रसिकांनी एकदा ते शिलालेख पाहून यावेत.

त्यानंतर मधली अठराएकोणीस शतकं आमच्या घरात वाइन आली ती फक्त द्राक्षासवाच्या बाटलीतून, आणि ती औषधांच्या कपाटात असे. तिचं टिपण बाटलीवरच छापलेलं असायचं : 'दोन चमचे, समभाग पाण्यातून, जेवणानंतर.' अख्ख्या वाइनसाहित्यात इतकं नेमकं लेखन मी वाचलेलं नाही. मेव्हण्यांच्या टिपणांत किती घ्यावी हा मुद्दाच नसतो. सरकारचं धोरणही या कपाटाला धरूनच आहे. १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली आपल्या राज्यात प्यायला जो परवाना लागतो, तो आरोग्याच्या रक्षणासाठी म्हणून दिला जातो. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मेव्हण्यांचं मंडळ हे एक रुग्णालय आहे.

मग १९८०च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला द्राक्षं लावून, फ्रान्सच्या पायपर-हाइडसिक कंपनीचं तांत्रिक साहाय्य घेऊन, फसफसणारी वाइन काढली. तिला नाव दिलं 'ओमर खय्याम'. ती परदेशात गेली, तिकडच्या पेल्यांत फसफसली. ज्या नारायणगावची कीर्ती विठाबाईंच्या ढोलकीवर उभी होती, त्याचं नाव शॅम्पेनच्या भाषेत घेतलं जाऊ लागलं. तालुक्याला त्याचं फारसं आश्चर्य वाटलं नसावं. ज्या रेड्याने वेद म्हटले त्याची समाधी याच तालुक्यात आळ्याला आहे. तिथे द्राक्षं फ्रेंच बोलली तर विशेष काय? पुढे २००१ साली राज्याने वाइनसाठी खास धोरण आणलं, गावोगाव वाइनऱ्या उभ्या राहिल्या. २००८ची मंदी आली आणि बऱ्याच बसल्या. चौगुल्यांची शातो इंडाज ही कंपनीही कर्जात रुतली आणि शेवटी अवसायनात निघाली. आज नारायणगावला जाणारा माणूस हा सगळा इतिहास ओलांडून जातो, पण टिपणात तो येत नाही. टिपणात 'सह्याद्रीचं धुकं' येतं.

आता मेव्हण्यांच्या मंडळाची सहल. गेल्या फेब्रुवारीत त्यांनी एक छोटी बस केली आणि जागा भरायला म्हणून मला, आमच्या सौ.ला आणि त्या दोघा भावंडांच्या ऐंशी वर्षांच्या मावशींना घेतलं. मावशींना सांगितलं होतं, की ओझर आणि लेण्याद्री, असे दोन गणपती करायचे आहेत. ते खरंच होतं. दोन गणपतींच्या मध्ये काय आहे, एवढंच सांगितलेलं नव्हतं. मंचर गेलं, कळंब गेलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव लागले. मेव्हणे माइक घेऊन 'तेरवार' या फ्रेंच शब्दाचा अर्थ सांगू लागले : माती, हवा, पाणी, उतार यांचा मिळून जो गुण वाइनमध्ये उतरतो तो. मावशी म्हणाल्या, "म्हणजे वाण नाही पण गुण लागला, तसंच ना?" माइक बंद झाला.

वाइनरी म्हणजे शेतात पत्र्याची एक शेड, चार स्टीलच्या टाक्या आणि शेतकीची पदवी घेतलेला तिशीतला मुलगा. तोच मालक, तोच कामगार, तोच वाढपी. शेजारच्या शेतकऱ्यांकडून द्राक्षं घ्यायची आणि वाइन करायची. त्याने टेबल मांडलं होतं, वर त्याच्या आईने केलेली मासवडी होती. इथे मंडळींत पहिला वाद झाला. माशाबरोबर पांढरी वाइन, असा नियम. पण मासवडी ही बेसनाची, आत तीळ-खोबरं-लसूण, आकार माशाचा आणि रस्सा मटणाच्या तोडीचा. मग पांढरी की तांबडी? आकाराला मान द्यायचा की रश्श्याला? वाद मिटेपर्यंत आमच्या सौ.ने दोन वाट्या रस्सा संपवला.

मग मुलाने तांबडी शिराज ओतली. मंडळींनी पेले फिरवले, हुंगले, खुळखुळवले. पहिले म्हणाले, "उत्साही आम्लता." दुसरे म्हणाले, "धाडसी आहे, पण प्रामाणिक." तिसऱ्यांना त्यात चैतन्य सापडलं. मेव्हणे म्हणाले, "किंचित बंडखोर!" मुलगा ट्रे धरून मान हलवत उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर आनंद मात्र नव्हता.

मावशी घेत नाहीत. पण समोर भांडं आलं की हुंगायचं, ही सत्तर वर्षांची सवय. दूध नासलंय का, लोणच्याला बुरी आलीय का, हे घरात त्यांनीच ठरवलेलं. त्यांनी पेला नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "अरे बाळ, हे आंबलंय. आणि आमच्या नातीच्या नखांच्या रंगाचा वास येतोय याला."

हे 'बाळ' कोणाला होतं ते कळेना, कारण मेव्हणे बासष्टचे आहेत. पण मुलगा पुढे आला. "आजी, खरंच येतोय वास?" म्हणाला. "चार दिवस मला संशय येतोय. आलेल्या प्रत्येकाला पाजली, सगळे छान म्हणून गेले." तो टाकीकडे धावला. टाकी अर्धी रिकामी झाली होती आणि वर हवा राहिली होती. वाइनला हवा लागली की एक जंतू तिच्यातल्या अल्कोहोलचं आम्ल करतो, पुढे व्हिनेगरच. त्याबरोबर इथाइल ॲसिटेटही तयार होतं, आणि नखं रंगवायच्या रसायनात तेच असतं. मावशींचं निदान रसायनशास्त्राप्रमाणे बरोबर निघालं. मुलाने त्या टाकीची विक्री तिथल्या तिथे बंद केली, मावशींच्या पाया पडला आणि नंतर मासवडी वाढली.

इसापाचा कोल्हा न चाखता द्राक्षं आंबट म्हणाला, म्हणून अडीच हजार वर्षं त्याची बदनामी चालू आहे. चाखूनही आंबट न म्हणणाऱ्यांवर मात्र इसापाने एक ओळ लिहिलेली नाही. या वाङ्मयाचा दुसरा आणि मोठा दोष तो हाच. त्यात वाइट वाइनला शब्दच नाही. आंबली तर उत्साही, तुरट झाली तर गंभीर, पाणचट झाली तर नाजूक, आणि काहीच वास आला नाही तर 'अजून उघडायची आहे'. ज्या भाषेने निंदेला दीडशे शब्द दिले, तिच्या लेकरांनी परक्या पेल्यापुढे मुकं व्हावं! यात सौजन्य आहे असं मला वाटत नाही. आपल्याला कळत नाही असं दिसेल, या भीतीने मंडळी गोड बोलतात.

याची किंमत कोण देतं, ते बाहेर मांडवाखाली कळलं. मुलाला द्राक्षं देणारे एक शेतकरी तिथे आले होते. साठीचे, पांढरी टोपी, गळ्यात तुळशीची माळ. मेव्हण्यांनी त्यांना उत्साहाने सांगितलं, की तुमच्या द्राक्षांच्या दुसऱ्या वाइनला फार छान चामड्याचा आणि तंबाखूचा गंध आहे. म्हातारबुवा दचकले. "तंबाखू? आवो सायेब, मी घड तोडताना गड्यांना विडीसुदीक वढू देत नाय. आन् चामडं? टाकीत वहाण पडली का काय कोनाची?"

त्यांची समजूत पटल्यावर ते बोलू लागले. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, मधे डाऊनी आणि भुरीचं भय, रात्री पाणी द्यायला जायचं तर बिबट्याचं. मेव्हण्यांच्या वहीत 'वन्य, प्राणिज छटा' असा एक शब्दप्रयोग आहे; म्हातारबुवांना त्या छटेची आठवण रोज रात्री होते. खायच्या द्राक्षांचा मणी मोठा, वाइनच्या द्राक्षांचा बारीक, जाड सालीचा, आत बिया. हे द्राक्ष बाजारात कोणी घेत नाही. वाइनवाल्याने नाही उचललं तर ते कुठे न्यायचं, हा प्रश्नच असतो.

"मंदीच्या सालात कुनी माल उचलला नाय," ते म्हणाले. "चार एकर बाग हुता. ह्या हातांनी कुऱ्हाड लावली आन् टमाटं घेतली. आता ह्या पोराच्या भरवशावर येक एकर पुन्ना लावलाय. पोरगं पैशे येळेवर देतं. पन त्याची बाटली खपली पायजे ना? आमी माळकरी, कदी तोंडाला लावली नाय, आमाला काय कळनार? तुमी पेता, तुमाला कळतं. चांगली नसंल तर त्याला तोंडावर सांगत चला. ग्वाड बोलून ग्येलात, तर कुऱ्हाड पुन्ना आमाला धरावी लागती."

मंडळींपैकी कोणी काही बोललं नाही. एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्षं लागतात. ज्याने ती पिकवली त्याने ती वाइन आयुष्यात चाखलेली नाही, आणि ज्यांनी चाखली त्यांनी तिच्याविषयी त्याला कळेल असं एक अक्षर लिहिलेलं नाही. टिपणात माती येते, डोंगर येतो, धुकं येतं. छाटणीची कात्री धरणारा हात तेवढा येत नाही.

खरी समीक्षा पाहायची असेल तर लांब जायला नको. गुढीपाडव्याच्या सुमाराला त्याच नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात. गावोगावचे कारभारी आपल्या जत्रेची सुपारी द्यायला येतात. ढोलकीवर कोण आहे, वग कुठला, गाड्या किती, सगळं विचारतात, आणि "मागल्या साली तुमचा वग उत्तररात्री ढिला पडला" हे फडमालकाच्या तोंडावर सांगतात. फडमालकही रागावत नाही. चहा मागवतो आणि वग आवळतो. वर्गणी गावाची, अब्रू कारभाऱ्याची आणि पोट फडाचं, असं तिहेरी काही पणाला लागलेलं असतं, म्हणून तिथे 'धाडसी पण प्रामाणिक' असली भाषा चालत नाही. पेरिप्लसवाल्या व्यापाऱ्याचीही जात हीच.

तेव्हा छोट्या वाइनऱ्या पाहायला जाणाऱ्यांना माझ्या चार सूचना. जायचं तर जानेवारी ते मार्चमध्ये जावं, तोडणी चालू असते. पावसाळ्यात फक्त धुकं आणि विशेषणं मिळतात. मालकाला 'तुमची सगळ्यात चांगली कुठली' असं विचारू नये. 'यंदा कुठली बिघडली' असं विचारावं. जो मोकळेपणी सांगेल त्याची दुसरी बिनधास्त घ्यावी. फुकट चाखून, शिफारस लिहून परत येऊ नये. आवडली तर विकत घ्यावी, नावडली तर कारण सांगून यावं. आणि द्राक्षं कोणाच्या शेतातली, त्यांचे पैसे चुकते झाले का, हेही विचारावं. वाइनच्या लांब शेवटात हाही एक शेवट असतो.

लिहिताना शब्द घरचे वापरावेत. टॅनिन कळायला फ्रान्स कशाला? आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिमेच्या डोंगरात भीमाशंकरच्या बाजूला घरोघर हिरडा गोळा करतात. तो चावून बघा. तोंड जे आवळून येतं ते टॅनिन. कातडी कमवायला हिरडा वापरतात तो त्याच गुणासाठी. म्हणजे चामड्याचा उल्लेखच करायचा तर तोही घरचा आहे.

मेव्हण्यांवर सहलीचा परिणाम झाला. त्यांनी वहीत 'दोष' असा एक नवा रकाना आखला, आणि मुलाच्या पांढऱ्या शेनँ ब्लाँचं टिपण सगळं खोडून पुन्हा लिहिलं : 'वास पिकल्या पेरूचा, मागून थोडा मधाचा. चव आधी गोडसर, मग कच्च्या कैरीची. मासवडीच्या रश्श्यापुढे टिकत नाही, थालीपिठाबरोबर चांगली. दोष : लवकर संपते, म्हणजे चव. द्राक्षं शेजारच्याच मळ्यातली, पैसे चुकते. दोन पेल्यांवर घेऊ नये.' त्याची एक प्रत त्यांनी मुलाला पाठवली आणि एक म्हातारबुवांना.

मावशींनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं, वही मिटली आणि म्हणाल्या, "हं, बरी झालीय."